वाढत्या अंगाचं

हडर्सफील्डच्या गिरणीत, जिथे आता गिरणी नाही,
तिसऱ्या मजल्यावर मुरासेबाईंचं शिवणघर होतं.
खाली कॉफी, वर योगा, मध्ये आम्ही:
सहा मशिनं, एक लांब टेबल,
भिंतीशी उभे मांजरपाटाचे तागे.

मी इचलकरंजीची. आमच्या गावाला
महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, हे सांगितलं तर
बाई म्हणाल्या, खरं मँचेस्टर इथून अर्ध्या तासावर आहे,
जाऊन बघ, मागांचा आवाज येतो का.
मग हातात कातरी दिली. मुलाखत संपली.

त्या स्वतः किर्यूच्या. तेही मागांचंच गाव.
एकोणऐंशी साली आल्या आणि लीड्सला
लाँड्रीच्या मागच्या खोलीत सात वर्षं
लोकांच्या विजारी आखूड करत बसल्या.
कापून उरलेल्या पट्ट्यांचा शिवला पहिला कोट:
सत्तेचाळीस माणसांचे घोटे, एका पाठीवर.

पहिला शो बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात.
मुली कोरड्या पायऱ्या उतरून
खोल बाजूकडे चालत गेल्या.
संगीत नव्हतं. कापड कापडाला घासत होतं, तेवढंच.
लंडनच्या पेपरात आलं, गोणपाटातली भुतं.
बाईंनी ते कात्रण टाचणीनं भिंतीला लावलं
आणि रोज त्याच्याखाली बसून डबा खाल्ला.
मी आले तेव्हा ते चहाच्या रंगाचं झालं होतं.

माप घेताना टेप अंगाला टेकवायच्या नाहीत.
चार बोटं लांब धरायच्या,
जणू माणसाभोवती अजून कुणी उभं आहे
आणि त्याला धक्का लागायला नको.
काखेतली कळी एवढी मोठी
की हात वर केला तर कोट जरा विचार करतो,
मग मागून येतो.
रंग काळा म्हणाल तर नाही. निळीत अकरा वेळा बुडवलेला,
बाराव्या वेळी हात थांबलेला.
एक खिसा पाठीवर, आपला हात पोचणार नाही असा.
कशाला, विचारलं. म्हणाल्या,
दुसऱ्या कुणाला तरी काही ठेवायचं असेल.

मला गालात हसू यायचं. हे कपडे मी घातले होते.
शाळा सुरू व्हायच्या आधी आई शिंप्याला सांगायची,
वाढत्या अंगाचं शिवा हो.
मुंढा सैल, शिवणीत दोन बोटं कापड दाबलेलं,
स्कर्ट पोटऱ्यांच्या खाली,
आणि अख्खं वर्ष मी
अजून न आलेल्या मुलीच्या कपड्यांत फिरायचे.

हे इंग्रजीत सांगता येईना.
शेवटी एक दिवस एका शिवणीत कापड दाबून
उलटं करून दाखवलं.
बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"आणि अंग वाढलंच नाही तर?"
म्हटलं, मग धाकट्या बहिणीला.
त्या इतक्या हसल्या की ओठांतली टाचणी पडली,
दोघी जमिनीवर बसून ती शोधत राहिलो.
त्या तेव्हा बाहत्तर वर्षांच्या.
दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक शिवणीत
दोन बोटं कापड जास्त. गिऱ्हाइकाला त्याचे पैसे पडले.

मग हात कापू लागला. खडूची एक रेघ
दोन होऊन उमटायची.
काही महिने त्यांनी दोन्ही रेघांवर कापायला लावलं,
तेच शेवटचं कलेक्शन, आणि लोकांनी वाखाणलं.
मग मशिनं विकली.
कात्रण मला दिलं, टाचणीसकट.

तो पहिला कोट आता संग्रहालयात आहे, काचेच्या पेटीत.
ताठ उभा राहावा म्हणून
कुणा काळजीच्या माणसानं आत
पांढरा कागद कोंबलाय. छाती भरलेली,
काखा भरलेल्या, पाठीवरचा खिसासुद्धा.
मी पहारेकऱ्याला म्हटलं, हे चुकलंय,
आत जागा ठेवायची असते.
तो म्हणाला, मॅडम, काचेपासून जरा लांब.
मी लांब झाले.
चार बोटं.